रिकामा दिवस आणि जडलेली सवय

मराठी वाचकाने फोर्ट विल्यम हे नाव बहुधा वाङ्मयाच्या इतिहासात वाचलेले असते. विल्यम कॅरी हा ज्या कॉलेजात मराठी शिकवीत असे, आणि जेथील विद्यार्थ्यांसाठी त्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण प्रसिद्ध केले, ते कॉलेज या नावाचे होते. त्याचे वर्ग मात्र किल्ल्यात नव्हे, तर कलकत्ता शहरातील रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत. खुद्द किल्ला हुगळी नदीच्या पूर्व तीरावर आहे. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, क्लाइव्हच्या कारकीर्दीत त्याच्या बांधकामास आरंभ झाला. तोफांच्या माऱ्यास आडोसा राहू नये म्हणून त्याच्या भोवतालची जी जमीन मोकळी राखण्यात आली, तीच आज कोलकात्याचे मैदान म्हणून प्रसिद्ध आहे. १९६३ पासून किल्ल्यात भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे, आणि २०२५ च्या आरंभी त्यास ‘विजय दुर्ग’ हे नाव दिल्याचे जाहीर झाले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, मराठी आरमाराच्या विजयदुर्गावरून हे नाव घेतलेले आहे.

प्रस्तुत पुस्तिकेचा विषय मात्र किल्ल्याचा इतिहास हा नव्हे. अश्लील चित्रे व चित्रफिती पाहण्याची सवय काही मनुष्यांच्या बाबतीत इतकी अनिवार होते, की ती सोडण्याची मनापासून इच्छा असूनही सुटत नाही. अशा सवयीशी समोरासमोर झुंजत बसण्यापेक्षा एकंदर राहणीत पालट घडवून आणणे अधिक परिणामकारक का ठरते, हे येथे समजावून घ्यावयाचे आहे. एकोणिसाव्या शतकात फोर्ट विल्यमसारख्या लष्करी ठाण्यांतून हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला होता. तेव्हाच्या सवयी मद्यपानाच्या व वेश्यागमनाच्या होत्या. त्यांवर एकामागून एक निरनिराळे उपाय योजण्यात आले आणि त्यांची नोंदही राहिली. म्हणून आरंभ तेथून करणे सोयीचे आहे.

बराकीतील दिवस

१८५९ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमला. त्याचा अहवाल १८६३ साली बाहेर पडला. शतकाच्या पूर्वार्धात या देशातील गोऱ्या सैनिकांपैकी दरसाल हजारी सुमारे एकोणसत्तर मृत्युमुखी पडत, असे त्यात दाखविण्यात आले होते. लढाईत पडणारे त्यांत थोडे. बहुतेक जण ताप, हगवण, पटकी आणि यकृताचे विकार यांनी मरत. ठाण्याठाण्यांहून आयोगाकडे आलेली लेखी उत्तरे अभ्यासासाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्याकडे सोपविण्यात आली. ती हिंदुस्थानात कधीच आली नाही. तथापि त्या कागदांच्या ढिगातून तिने घाण पाणी, तुंबलेली गटारे आणि कोंदट बराकी यांच्याबरोबरच आणखी एक गोष्ट हुडकून काढली, जी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना रोगाचे कारण म्हणून दिसली नव्हती. ती म्हणजे सैनिकाचा दिवस.

सूर्य वर येण्यापूर्वी कवायत उरके. उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊच्या सुमारास सैनिक बराकीत परत येत, आणि ऊन उतरेपर्यंत त्यांनी बाहेर पडू नये असा दंडक असे. स्वयंपाक आचारी करीत, कपडे धोबी धूत, झाडलोट भंगी करीत, पाणी भिस्ती आणीत. सैनिकाच्या हातांना काही कामच उरत नसे. तो जेवी, खाटेवर पडे, झोपे, उठे, पुन्हा पडे. संध्याकाळी एकच जागा उघडी असे, ती म्हणजे पलटणीचे कॅंटीन, आणि तेथे रम मिळे. फार थोड्या सैनिकांना बायको बरोबर ठेवण्याची परवानगी होती. घर सहस्रावधी मैलांवर, पत्राला उत्तर यावयाचे तर महिने लागत. अशा स्थितीत वीस-बावीस वर्षांचा धडधाकट तरुण दारूकडे व बाजाराकडे वळला, तर त्यात नवल ते कोणते?

नाइटिंगेलने या गोष्टीचा ऊहापोह करताना सैनिकाच्या नीतीला दोष देण्यात शब्द फारसे खर्चिले नाहीत. ज्या सरकारने स्वतःच्या देखरेखीखाली दारू विकावयाची, त्यानेच दारू पिणाऱ्यास कोठडीत घालावयाचे, या व्यवहारातील विसंगतीवर तिने नेमके बोट ठेवले. तिने सुचविलेले उपाय वरवर पाहता दारूशी संबंधित नव्हते: कारागिरीच्या कामशाळा, बागा, व्यायामशाळा, वाचनालये, खेळ, आणि रमच्या जागी चहा-कॉफी. सवय घालवावयाची तर ती ज्या रिकाम्या जागेत वाढते ती जागाच भरून काढली पाहिजे, हा विचार येथे, बहुधा प्रथमच, एका सरकारी चौकशीच्या कागदपत्रांत शिरला.

शिक्षा, कायदा आणि उपदेश

प्रत्यक्षात जे मार्ग आधी अवलंबिण्यात आले ते निराळे होते. पहिला मार्ग शिक्षेचा. मद्यपान हा सैन्यातील नित्याचा अपराध होता, आणि त्यासाठी दंड व कैद या शिक्षा ठरलेल्या होत्या. शिक्षा भोगून आलेला मनुष्य त्याच बराकीत, त्याच खाटेवर, त्याच दुपारी परत येई. फरक इतकाच, की आता त्याच्या अंगावर अपमानाचा डागही असे.

दुसरा मार्ग बाहेरच्या जगावर बंदोबस्त ठेवण्याचा. १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांसंबंधीचा कायदा झाला, आणि दुसऱ्या वर्षी तो कलकत्त्यास लागू करण्यात आला. त्या सालचा हा चौदावा कायदा असल्यामुळे बंगाली लोक त्यास ‘चौद्द आइन’ म्हणत. लालबझार, बहूबझार आणि इतर वस्त्यांतील वेश्यांनी पोलिसांत नाव नोंदवावे व ठरावीक काळाने सक्तीने तपासून घ्यावे, असा त्याचा आशय होता. जाच सगळा स्त्रियांच्या वाट्यास आला. त्यांच्याकडे जाणाऱ्या सैनिकाच्या दिवसात काडीचाही फरक पडला नाही. या अन्यायाविरुद्ध इंग्लंडात व हिंदुस्थानात ओरड झाली आणि १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला. ज्याची सवय आहे त्याला हात न लावता इतरांना वेठीस धरण्याची ही रीत पुढेही पुष्कळांना सोयीची वाटत आली आहे.

तिसरा मार्ग उपदेशाचा. १९०२ ते १९०९ या काळात किचनेर हा हिंदुस्थानचा सरसेनापती होता. (फोर्ट विल्यममधील एका इमारतीस दीर्घकाळ त्याचे नाव होते, किल्ल्याच्या नामांतराबरोबर तिला माणेकशा यांचे नाव मिळाले.) १९०५ मध्ये त्याने सैनिकांना उद्देशून गुप्तरोगांविषयी एक पत्रक काढले. आत्मसंयम हा प्रत्येकाला शक्य आहे, घरी असलेल्या आईबहिणींना काय वाटेल याचा विचार करा, असा त्याचा सूर होता. असल्या आवाहनाचा काहींवर परिणाम होतो, हे नाकारता येत नाही. परंतु लाज हे मोठे विलक्षण औषध आहे. ज्याला रोग नाही त्याला ते टिकवून धरते, आणि ज्याला झाला आहे त्याला लपावयास लावते.

चौथा मार्ग नाइटिंगेलने सांगितलेला. तो हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी अमलात आला. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ पर्यंत सरसेनापती होता. त्याच्या काळात नुसत्या कॅंटीनच्या जागी पलटणीच्या ‘संस्था’ उभ्या राहिल्या, जेथे वाचनाची खोली, उपाहार आणि खेळ यांची सोय एका छपराखाली असे. १८८८ मध्ये निरनिराळी मद्यपानविरोधी मंडळे एकत्र करून सैन्यासाठी एक संघ स्थापण्यात आला, आणि प्रत्येक पलटणीत त्यासाठी स्वतंत्र खोली देण्यात आली. ‘पिऊ नका’ एवढे सांगून न थांबता ‘मग संध्याकाळी जावयाचे कोठे’ या प्रश्नाला त्या खोलीने उत्तर दिले.

परिणाम काय झाला? १८९५ च्या सुमारास गोऱ्या सैन्यात दरवर्षी हजारी पाचशेहून अधिक वेळा गुप्तरोगासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागे. १९१० पर्यंत हे प्रमाण शंभराच्या खाली आले. हा आकडा राहणीतील सुधारणेच्या खात्यावर संपूर्णपणे जमा करणे शास्त्राला धरून होणार नाही. त्याच काळात उपचार सुधारले, छावण्यांतील तपासणीचे नियमही पुन्हा कडक झाले. एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या म्हणजे कोणत्या गोष्टीने किती काम केले हे इतिहासाला सांगता येत नाही. त्यासाठी पुढे प्रयोग व्हावे लागले.

बटतला ते मोबाईल

किल्ल्यापासून काही मैलांवर, उत्तर कलकत्त्यातील बटतला या भागात, त्याच शतकात स्वस्त छापखान्यांची गर्दी होती. पंचांगे, पुराणे, प्रहसने यांच्याबरोबर तेथे शृंगारिक पुस्तके आणि चित्रेही छापली जात. अशा साहित्याच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा १८५६ मध्ये झाला, आणि १८७३ मध्ये कलकत्त्यास सार्वजनिक अश्लीलता दडपण्यासाठी एक मंडळही निघाले. केशवचंद्र सेन त्यात अग्रभागी होते. कायद्याने पुस्तके जप्त झाली, पण मागणी राहिली.

तरीही त्या पुस्तकाच्या वाटेत काही नैसर्गिक अडसर होते. दुकानापर्यंत चालत जावे लागे, पैसे मोजावे लागत, आणि दुकानदार तोंड पाहत असे. आज यांपैकी एकही अडसर उरलेला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्विन कूपर याने १९९८ मध्ये या बदलाची तीन अंगे सांगितली: हाताशी असणे, फुकट किंवा स्वस्त असणे, आणि कोणी न ओळखणे. शिवाय पुस्तक संपत असे. पडद्यावरील चित्रे संपत नाहीत; एक कंटाळवाणे झाले की दुसरे पुढे येते. मोबाईल हातात असलेल्या मनुष्याच्या बाबतीत बराक, कॅंटीन आणि बाजार ही तिन्ही त्याच्या उशाशीच येऊन बसली आहेत.

मेंदूत काय घडते

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. माकडाला फळांचा रस दिला की त्याच्या मेंदूतील डोपामिन या द्रव्याशी संबंधित पेशी उद्दीपित होत. रस येण्यापूर्वी दरवेळी दिवा लावू लागल्यावर काही काळाने त्या पेशी दिव्याच्या वेळीच उद्दीपित होऊ लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळाला तरी त्या शांत राहू लागल्या. दिवा लागूनही रस न आला, तर त्यांची क्रिया नेहमीपेक्षाही मंदावे. म्हणजे हे द्रव्य सुखाचे नसून अपेक्षेचे आहे, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. केंट बेरिज व टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ पासून याच मुद्द्याचा विस्तार करून ‘आवडणे’ आणि ‘हवेसे वाटणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत, असे दाखविले. दीर्घकाळच्या सवयीत आवडणे ओसरते, पण हवेसे वाटणे वाढत जाते. पाहून समाधान होत नाही, तरी पाहिल्यावाचून राहवत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात, तिचा उलगडा येथे आहे.

यावरून हेही ध्यानात येईल, की सवयीचा ‘दिवा’ हा बहुधा चित्रांत नसतो. रात्रीचे अकरा वाजणे, खोलीचे दार लागणे, अभ्यासाचा कंटाळा, वरिष्ठांनी सुनावलेले चार शब्द, झोप न येणे, ही दिव्याची कामे करतात. ज्याच्या दिवसात असे दिवे जागोजागी लागलेले आहेत, त्याने केवळ ‘बघणार नाही’ असा निश्चय करणे म्हणजे दिवे तसेच ठेवून रसाकडे पाठ फिरविणे होय.

त्या निश्चयालाही एक खोड आहे. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर व त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटा वाजवा, असे सांगितले. घंटा वाजत राहिल्या. त्यानंतर खुशाल विचार करा म्हणताच, आधी मनाई केलेल्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा अधिक वेळा आले. मात्र ज्यांना ‘अस्वल आठवल्यास त्याऐवजी तांबड्या फोक्सवॅगन मोटारीचा विचार करा’ असे सांगितले होते, त्यांच्यात ही उसळी पुष्कळ कमी दिसली. मनाला रिकामे राहण्याचा हुकूम देता येत नाही; त्याला दुसरे काही तरी द्यावे लागते.

राहणी बदलण्याचे दोन पुरावे

पहिला पुरावा कोणी योजून घडविलेला नव्हता. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन शिपायांत हेरॉइनचा प्रसार मोठा होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ मध्ये परतलेल्या शिपायांचा माग ठेवला. सुमारे एकपंचमांश शिपाई तेथे आपण हेरॉइनच्या पूर्ण आहारी गेलो होतो असे सांगत होते. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी सुमारे पाच टक्केच पुन्हा आहारी गेले. बहुतेकांना विशेष उपचारही मिळाले नव्हते. बदलले होते ते एवढेच, की लढाईचा ताण, कंटाळा, स्वस्त व सहज मिळणारे हेरॉइन आणि ते ओढणारे सोबती मागे पडले. घर, काम आणि जुनी माणसे पुढे आली.

दुसरा पुरावा मुद्दाम केलेल्या प्रयोगाचा आहे, आणि तो लहान असला तरी अधिक बोलका आहे. जॉर्ज हंट व नेथन ॲझरिन यांनी इलिनॉय राज्यातील एका सरकारी मनोरुग्णालयात मद्याच्या आहारी गेलेले सोळा रुग्ण निवडले. आठांना रुग्णालयातील नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या आठांच्या बाबतीत त्याबरोबरच त्यांच्या राहणीत हात घालण्यात आला. त्यांना नोकरी शोधण्यास मदत केली, पतिपत्नींना एकत्र बसवून एकमेकांच्या अपेक्षा बोलावयास लावल्या, घरी वर्तमानपत्र व टेलिफोन येईल असे पाहिले, आणि दारूच्या एका जुन्या गुत्त्याचे रूपांतर मद्यरहित क्लबात करून शनिवारी संध्याकाळी तेथे जमण्याची सोय केली. पुढील सहा महिन्यांत पहिल्या आठांचे सुमारे ७९ टक्के दिवस दारूत गेले. दुसऱ्या आठांचे १४ टक्के. हे निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉबर्ट्सच्या पलटणीतील खोलीत आणि इलिनॉयमधील त्या क्लबात पाऊणशे वर्षांहून अधिक अंतर आहे. कल्पना मात्र एकच आहे.

हेरॉइन व मद्य ही द्रव्ये आहेत, चित्रे हे द्रव्य नव्हे. तेव्हा एकाचे निष्कर्ष दुसऱ्यास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु या सवयीवरही प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. युटा राज्यातील मायकेल ट्वोहिग व जेसी क्रॉस्बी यांनी २०१० मध्ये सहा पुरुषांवरील उपचार प्रसिद्ध केले. दीड-दीड तासाच्या आठ बैठकांत त्यांना इच्छा दडपण्यास शिकविले नाही. इच्छा आली तर ती येऊ द्यावी, आणि स्वतःच्या आयुष्यात जे मोलाचे वाटते ते काम चालू ठेवावे, याचा सराव करून घेतला. अखेरीस पाहण्याचे प्रमाण सरासरी ८५ टक्क्यांनी घटले, आणि तीन महिन्यांनंतरही ती घट जवळजवळ तशीच होती.

रोग कोणता आणि कुतूहल कोणते

सर्वच पाहणारे रोगी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत होऊन २०२२ पासून अमलात आली. तिच्यात अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराचा समावेश आहे. सहा महिने वा अधिक काळ ताबा न राहणे. ते वर्तन आयुष्याच्या केंद्रस्थानी येऊन प्रकृती, काम व इतर आवडी मागे पडणे. सोडण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा फसणे. नुकसान होत असता किंवा समाधान मिळत नसताही ते चालू राहणे, आणि त्यामुळे मनास तीव्र क्लेश होणे अथवा कामकाज बिघडणे, ही त्याची लक्षणे होत. त्याच सूचीत असेही स्पष्ट म्हटले आहे, की केवळ नैतिक नापसंतीमुळे वाटणारी खंत ही या निदानास पुरेशी नाही. हे वाक्य शिक्षकांनी व पालकांनी दोनदा वाचावे. वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीराविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, आणि लैंगिक विषयाचे शास्त्रीय ज्ञान उघडपणे देण्याचा आग्रह धरला, त्यासाठी खटलेही सोसले. जेथे सरळ उत्तर मिळत नाही, तेथे मुले वाकडे उत्तर शोधतात.

दिवसाची फेरमांडणी

आता उदाहरणादाखल एक तरुण कल्पावा. नोकरीसाठी तो गावाहून पुण्यास आलेला आहे, भाड्याच्या खोलीत राहतो, कामावरून रात्री नऊला परततो, खाणावळीतून डबा आणतो, आणि जेवताना मोबाईल उघडतो. दोन वाजेपर्यंत जागतो. सकाळी डोके जड, कामात चुका, त्यावरून बोलणी, संध्याकाळी उद्विग्नता, आणि रात्री पुन्हा तेच. सुट्टीच्या दिवशी तर सगळा दिवस बराकीतल्या सैनिकासारखा खाटेवर जातो. त्याने या सवयीविरुद्ध कितीदा तरी शपथा घेतल्या असतील. त्याच्या दिवसाकडे पाहिले म्हणजे कळते, की शपथ मोडल्यावर त्या रात्री करावयास त्याच्याजवळ दुसरे काहीच नाही.

त्याने प्रथम झोपेला हात घालावा. मोबाईल रात्री खोलीच्या दुसऱ्या टोकास, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि गजरासाठी साधे घड्याळ आणावे. थकलेल्या मनुष्याचा संयम सर्वांत दुबळा असतो. म्हणून पुरेशी झोप हाच अर्धा बंदोबस्त आहे. यानंतर शरीर. तालीम, पोहणे, सायकल, टेकडीवरची चाल, काहीही चालेल. मात्र ते ठरलेल्या वेळी आणि शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने असावे, कारण सोबती वाट पाहत असला म्हणजे टाळाटाळ होत नाही. एकान्त हाच या सवयीचा खरा आश्रय असल्यामुळे माणसांत बसण्याला औषधाइतकेच मोल आहे. जेवण खोलीवर न आणता खाणावळीतच बसून घ्यावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालय, भजनी मंडळ, नाटकाची तालीम किंवा ट्रेकिंगचा गट, यांपैकी जे रुचेल ते पत्करावे. हातांनी करावयाचे एखादे काम, जसे सुतारकी, बागकाम, पेटीवादन, ज्यात आठवड्यागणिक प्रगती डोळ्यांना दिसते, ते विशेष गुणकारी. आणि एका तरी विश्वासू मनुष्यास ही गोष्ट सांगावी. विवाहित असल्यास पत्नीशी किंवा पतीशी बोलणे अवघड असते, तेथे समुपदेशकाच्या समोर बोलणे बरे.

इच्छा तर येणारच. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने तिला समुद्राच्या लाटेची उपमा दिली. लाट चढते, फुटते आणि ओसरते. तिला न थोपविता तिच्यावर स्वार होऊन राहिले तर थोड्या वेळात ती जाते. तिच्या पहिल्या चाहुलीला जागा बदलावी, दार उघडावे, बाहेर पडावे.

मार्लाटने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. एकदा चूक झाली की मनुष्य ‘आता सगळेच गेले’ असे मानून पुरता वाहवत जातो. नुकसान चुकीपेक्षा या समजुतीने अधिक होते. लंडनमधील फिलिपा लॅली व तिच्या सहकाऱ्यांनी नव्या सवयी कशा रुजतात हे पाहिले, तेव्हा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास कोणास १८ दिवस, तर कोणाच्या बाबतीत गणिताने २५४ दिवस लागतील असे निघाले. मध्यम आकडा ६६ होता. एखादा दिवस चुकला तर त्याने विशेष बिघडत नाही, असेही त्यात दिसले. तेव्हा ‘एकवीस दिवसांत सवय सुटते’ या लोकप्रिय समजुतीवर कोणी विसंबू नये, आणि बाविसाव्या दिवशी घसरले म्हणून हताशही होऊ नये.

महाराष्ट्रात या पद्धतीचे कार्य पाहावयाचे असल्यास पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पाहावे. पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी ते सुरू केले. मद्य व मादक द्रव्ये यांसाठी ते निघाले असले, तरी तेथील उपचाराचा गाभा औषधांत नाही. पहाटेपासूनचा आखीव दिनक्रम, अंगमेहनत, योगासने, गटात मोकळे बोलणे, कुटुंबीयांना सामील करून घेणे, आणि घरी गेल्यावरही भेटत राहणे यांत तो आहे. पडद्याच्या सवयींसाठी बंगळूर येथील निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये स्वतंत्र चिकित्सालय उघडले.

काही वेळा दिनक्रम बदलणेही पुरत नाही. सवयीच्या मुळाशी खिन्नता, तीव्र चिंता, लहानपणचा अत्याचार किंवा दुसरे व्यसन असू शकते. जीव नकोसा वाटू लागला असेल, तर एक दिवसही न दवडता मानसोपचारतज्ज्ञांस गाठावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतून बोलता येते. तज्ज्ञांकडे जाण्यापूर्वीच्या आठवड्यात एका वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: इच्छा कोणत्या वेळी आली, त्या वेळी मनुष्य कोठे होता, कोणाबरोबर होता, आणि त्याच्या आधीच्या तासात काय घडले होते. काय पाहिले हे लिहिण्याची आवश्यकता नाही.